दात्याने हातात काय ठेवले?

आउग्सबुर्ग

ती. अण्णांस,

इथल्या फुगराय वसाहतीत घराचे भाडे वर्षाला 88 युरो सेंट आहे. तेवढ्यात या गावात कपभर चहाही मिळणार नाही. याकोब फुगर या सावकाराने 1521 मध्ये कष्टकरी गरिबांसाठी ही वसाहत स्थापली, तेव्हा ठरलेले एक ऱ्हाइनी गुल्डन भाडे आजही वाढलेले नाही. दारावरच्या घंटा ओढायच्या लोखंडी मुठी निरनिराळ्या घडणीच्या आहेत, अंधारात चाचपून आपले दार सापडावे म्हणून. रहिवासी मात्र गरजू, आउग्सबुर्गचा आणि कॅथलिक हवा, आणि त्याने फुगर कुळासाठी रोज तीन प्रार्थना म्हणायच्या. याच फुगरने 1519 मध्ये पाचव्या चार्ल्सच्या सम्राटपदी निवडीसाठी लागलेल्या साडेआठ लाख गुल्डनांपैकी साडेपाच लाखांच्या आसपास पुरवले. चर्चने विकलेल्या पापक्षमापत्रांचा पैसाही त्याच्याच पेढीतून रोमला गेला. मग हे दान की पापाचा हप्ता? माझ्या मते कमाईचा डाग दानाने धुतला जात नाही, पण त्या डागामुळे गरिबाच्या डोक्यावरचे छप्पर खोटेही ठरत नाही. येशूने श्रीमंत तरुणाला सर्वस्व विकून गरिबांना द्यायला सांगितले, त्यात परतफेडीची अट नव्हती. म्हणून दात्याने दिले किती, यापेक्षा हातात राखून काय ठेवले, हे पाहावे.

विटेनबर्ग

ती. अण्णांस,

फुगरच्या पेढीवर तुटून पडणाऱ्या धर्मसुधारक ल्यूथरच्या या गावाने 1522 मध्ये गरिबांच्या मदतीची दुसरी वाट काढली. चर्चची आणि धार्मिक मंडळ्यांची उत्पन्ने एका सामाईक पेटीत जमा करायची, भीक बंद करायची, गरीब कारागिराला बिनव्याजी उसने द्यायचे आणि फेडता आले नाही तर सोडून द्यायचे. कोणी म्हणेल, ही पेटीही जुन्या धनिकांच्याच देणग्यांवर भरली. खरे आहे, पण घेणाऱ्याला आता कुण्या एका कुळाचे मिंधे राहावे लागत नव्हते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: फुगराय पाचशे वर्षे टिकली, 1944 च्या बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त होऊनही पुन्हा उभी राहिली. परंतु तिला तगवले ते राखीव निधीने, जंगलांच्या उत्पन्नाने आणि चोख कारभाराने. यातल्या कशालाही रहिवाशाच्या धर्माची अट लागत नाही. ख्रिस्ती परंपरेत श्रीमंती हा गुन्हा नाही, ती सांभाळायला दिलेली ठेव आहे. ठेव परत करताना कोणी आपल्या नावाने प्रार्थना मागत नाही. त्या मोजमापाने फुगरने घरे दिली, दान मात्र अर्धेच केले.

आपला,
बाळ