डब्यावर नाव पाटील

“आतापर्यंत जेवत होतास कुठं?”

मुलाखतीतला पहिला प्रश्न हा. मी बी.ए.च्या गुणपत्रिकेची घडी उलगडत होतो, ती तशीच हातात राहिली.

“एसटीवर, सर.”

टेबलामागचे तिघंही हसले, पण म्हणजे काय, असं कुणी विचारलं नाही. कोल्हापुरात ते विचारावं लागत नाही. साल १९८९. शिवाजी विद्यापीठात एम.ए.ला, इतिहासाला, प्रवेश मिळाला होता आणि ‘कमवा आणि शिका’ योजनेतल्या मुलांच्या विद्यार्थी भवनात जागा मिळाली तरच पुढं शिकणं जमणार होतं. गुण किती पडले, हे त्यांनी विचारलं. पण सगळ्यात शेवटी. आधी शेती किती, भावंडं किती, घरून काय येऊ शकतं आणि झाडू मारायला लाज वाटेल का, हे विचारलं. मी नाही म्हणालो. पहिल्या आठवड्यात वाटली, ती गोष्ट वेगळी.

शाहूवाडी तालुक्यात, मलकापूरच्या पुढं डोंगराच्या अंगाला आमचं गाव. भात आणि नाचणी, वर्षाकाठी हातात पैसा असा नाहीच. आमच्यासारख्यांच्या पोरांसाठीच हे विद्यापीठ निघालं, असं आम्हांला वाटायचं आणि ते फारसं खोटं नव्हतं. १८ नोव्हेंबर १९६२ ला राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. त्याआधी इकडची कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार हे इतिहासाचे. त्यांना मिळाला होता तो शहराबाहेरचा उजाड माळ. माझ्या वेळेपर्यंत तिथं चांगली सावली झाली होती आणि त्या सावलीखालचा पाला गोळा करायचं काम पहिले तीन महिने माझ्याकडं होतं. जुना माळी झाडाझाडापाशी थांबायचा आणि हे कधी लावलं, ते कधी लावलं, पहिल्या उन्हाळ्यात पाणी कुठून आणलं, हे सांगायचा. वर्गातल्या इतिहासापेक्षा मला तो इतिहास लवकर पाठ झाला.

नंतर मला ग्रंथालयात घातलं. बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकरांचं नाव असलेल्या त्या ग्रंथालयात परत आलेली पुस्तकं जागेवर लावायची. हे काम सगळ्यांत हवंहवंसं, कारण उन्हापावसात नाही आणि लावता लावता वाचता यायचं. कुणी ऑफिसात जावक रजिस्टर लिही, कुणी परीक्षेच्या फॉर्मचे गठ्ठे बांध, कुणी मेसमध्ये भाजी चीर. केलेल्या तासांचा हिशेब महिन्याच्या शेवटी मेसच्या बिलातून वळता व्हायचा. हातात रोकड फारशी यायची नाही, पण ताट चुकायचं नाही. आठवड्यातून एकदा फीस्ट. त्या दिवशी भवनातली हजेरी शंभर टक्के आणि वर प्रत्येकाचा एकेक पाहुणा.

निवडणुकीचे दिवस मात्र निराळे. विद्यापीठाच्या विद्यार्थी मंडळासाठी मत देणारे कॉलेजांचे प्रतिनिधी अचानक गायब व्हायचे. पळवापळवीच ती, पण पळवले जाणारे खुशीत असायचे. जीपमधून कुठंतरी पन्हाळ्यावर किंवा कोकणात नेऊन ठेवायचे आणि मतदानादिवशी थेट आणून उभं करायचे. आमच्यातला एक जण असा चार दिवस गेला आणि दोन किलो वजन वाढवून आला. “मत कुणाला दिलंस?” विचारलं तर म्हणाला, “ज्यांनी मटण घातलं त्यांना.” पुढं १९९४ च्या कायद्यानं खुल्या निवडणुका जाऊन गुणवत्तेवर प्रतिनिधी येऊ लागले. त्यामुळं राजकारण कमी झालं, असं म्हणतात. मला तसं वाटत नाही. बोलणं तेवढं कमी झालं.

युवा महोत्सवाबद्दल लिहायला हवं, पण त्यात मी कधी स्टेजवर नव्हतो. लोकनृत्याच्या मुलांचे फेटे सांभाळत पडद्यामागं बसायचो. अलीकडं दीक्षान्त समारंभाला ग्रंथदिंडी निघते, तीही पाहिली. छान असते. पण विद्यापीठातले दिवस म्हटलं की मला आठवतं ते ताट. आणि ताटाचा इतिहास मला वर्गात कुणी शिकवला नाही. तो शिकवला त्याआधी दोन वर्षं भेटलेल्या एका मुलानं, एका चुकलेल्या डब्यापायी.

पुण्यामुंबईकडच्या जुन्या आठवणींतून माधुकरी भेटते, वार लावून जेवणं भेटतं. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. ते ज्यांना दारात घेतलं जायचं, त्यांच्यासाठी होतं. कुणब्याच्या, चांभाराच्या, मुजावराच्या पोराला कोण वार देणार? शाहू महाराजांनी सगळ्या जातींसाठी एकच वसतिगृह काढायचा प्रयत्न आधी करून पाहिला होता, तो साधला नाही. मग १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, त्याच साली जैनांचं, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. जागा, इमारती, उत्पन्नं दरबारातून. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळं. महाराजांनी जातवार घरं बांधली, असा आक्षेप मी विद्यापीठात चर्चासत्रांतून पुष्कळ ऐकला. मला तेव्हाही पटला नाही. त्या काळात पोरगं शाळेत जाण्याआधी त्याची भाकरी कुणाच्या चुलीवर भाजायची, हा प्रश्न सुटायला हवा होता. चुली वेगळ्या राहिल्या, खऱ्या. पण दसरा चौकात उभं राहून पाहा, बोर्डिंगांची दारं हाकेच्या अंतरावर आहेत.

तर डबा.

बी.ए.ला असताना मी राजारामपुरीत चौघांत मिळून एक खोली घेऊन राहायचो. मेस परवडत नव्हती. सकाळी आई डबा भरायची, धाकटा भाऊ तो फाट्यावर नेऊन मलकापूर गाडीत ड्रायव्हरच्या शेजारी, इंजिनाच्या बॉनेटवर ठेवायचा. डब्याला भाडं कसलं, कंडक्टर “ठेव रं” एवढंच म्हणायचा. इंजिनाच्या धगीनं भाकरी कोल्हापुरापर्यंत कोमट राहायची. आमटी मात्र आंबा घाटाकडची वळणं पाहिल्यासारखी डचमळून यायची. मध्यवर्ती बसस्थानकावर एका कट्ट्याशी सगळ्या गाड्यांचे डबे उतरायचे. कालचा रिकामा डबा परतीच्या गाडीला द्यायचा. रोजची ही ये-जा. पोरांचे डबे उतरल्यावर ती जागा वासानं भरून जायची आणि नुसत्या वासावरून सांगता यायचं, कुठली गाडी आली.

आईला लिहिता येत नव्हतं. घरची खबर मला डब्यातनं कळायची. गाय व्याली, हे खरवसावरून कळलं. आजी गेली तेव्हा डबाच आला नाही.

डब्यावर आबांनी ऑइलपेंटनं नाव घातलं होतं: पाटील. कोल्हापूर जिल्ह्यात डब्यावर पाटील लिहिणं म्हणजे काहीच न लिहिण्यासारखं, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. म्हणून खरी खूण कापडाची. आईच्या जुन्या लुगड्याची हिरवी चिंधी कडीला बांधलेली असायची.

१९८७ च्या थंडीत एके दिवशी शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच होती. कोल्हापूरच्या माणसाला पेठांच्या मॅचचं वेड सांगावं लागत नाही, आणि मी शाहूवाडीचा असून मलाही ते लागलं होतं. घाईत चिंधी न बघताच कट्ट्यावरनं पाटील उचलला आणि पळालो. मॅच झाली, तिच्यावरची भांडणं झाली, खोलीवर येऊन डबा उघडायला रात्रीचे आठ वाजले. आत ज्वारीच्या भाकरी. आमच्याकडं ज्वारी कुठली? मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, घट्ट दही. आणि भाकरीखाली चतकोर कागद, शाळकरी मुलीच्या गोल अक्षरात: दादा, आई म्हणते दिवस बुडायच्या आत जेव, उशीर करू नको.

डबा आपला नाही, हे कळलं होतं. कुणाचा तरी आहे आणि तो कुणीतरी आत्ता उपाशी असेल, हेही कळलं होतं. तरी मी खाल्ला. सगळा. भूक लागली होती, एवढंच त्यावर सांगण्यासारखं आहे. चिठ्ठी खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर गेलो तर कट्ट्यापाशी एक उंच, किरकोळ मुलगा माझा डबा काखेत धरून उभा. डबा लख्ख घासलेला होता, आमच्या घरी दिवाळीला घासत नसतील तसा.

“तू पाटील?”

“मी पाटील.”

“मीबी पाटील,” तो म्हणाला आणि हसायला लागला.

हातकणंगले तालुक्यातला, शेतकरी जैन घरातला. दसरा चौकाजवळ खोली करून राहायचा, सायन्सला होता. आदल्या दिवशी पाचला तो कट्ट्यावर आला तेव्हा एकच पाटील उरला होता. चिंधी बदलली असेल, असं समजून घेऊन गेला. खोलीवर झाकण काढलं आणि आत सुकट! कोकणातनं घाटावर आलेली सुकट आई मलकापूरच्या बाजारातून आणायची आणि लाल तिखटात अशी परतायची की शेजारच्या खोलीतल्याला ठसका लागावा. तो झाकण लावून उलट स्टँडवर आला, माझी वाट बघत बसला. दिवस बुडाला. मी तेव्हा मैदानावर पंचाला शिव्या घालत होतो. दिवस बुडाल्यावर त्याला काही खायचंच नव्हतं. ना माझा डबा, ना दुसरं काही.

“मग सुकट?”

“टाकायची कशी? अन्न हाय की ते.” मुस्लिम बोर्डिंगातल्या वर्गमित्राला त्यानं ती नेऊन दिली. त्यानं ती आनंदानं खाल्ली, आणि डबा परत कुणाच्या हातात जायचाय ते ठाऊक असल्यामुळं राखेनं तीनदा घासून दिला.

मी चिठ्ठी काढून दिली. त्यानं वाचली, घडी घालून खिशात टाकली. रागावला असता तर बरं झालं असतं.

कट्ट्यावर बसूनच त्यानं मला भाऊराव पाटलांची गोष्ट सांगितली. भाऊराव कुंभोजचे, म्हणजे त्याच्याच तालुक्यातले, त्याच्यासारखेच जैन पाटील. त्यामुळं तो घरातल्या चुलत्याबद्दल बोलावं तसा बोलायचा. कोल्हापुरात शिकताना भाऊराव जैन बोर्डिंगात राहत. १९०८ मध्ये मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला गेले. परत आल्यावर, अंघोळ करून मगच आत ये, असं सांगण्यात आलं. त्यांनी केली नाही. बोर्डिंगातनं नाव गेलं, आणि मग शाहू महाराजांनी त्यांना जवळ ठेवून घेतलं. “अंघोळीवरनं बोर्डिंग गेलं आणि त्यातनं शाळा निघाल्या,” तो म्हणाला. १९१९ मध्ये काले इथं रयत शिक्षण संस्था निघाली. १९२४ मध्ये साताऱ्याला शाहू बोर्डिंग, ज्यात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली. धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र काढून दिलं. १९४७ मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज उघडलं, तिथं पोरं राबून शिकू लागली. दोन वर्षांनी विद्यार्थी भवनात हातात झाडू आला तेव्हा तो कुठून आला आहे, हे मला आधीच माहीत होतं. लाज एका आठवड्यात गेली ती त्यामुळं.

शनिवारी गावी गेलो आणि आईला सगळं सांगितलं. सुकटीचं ऐकून ती आधी हसली. मग, तो रातभर उपाशी राहिला, हे कळलं आणि तिचा हात थांबला.

“तू खाल्लंस आणि त्याला उपाशी ठिवलंस?”

मी गप्प.

“काय चालतंय त्यास्नी?”

मी सांगितलं, मासमच्छी नाही, कांदा-लसूण नाही, बटाटा नाही, रताळं नाही.

“आगं बाई! मग खातंय काय ते पोर?”

त्यावर ती पुढं काही बोलली नाही. सोमवारी कट्ट्यावर गेलो तर मलकापूर गाडीतनं दोन डबे उतरले होते, आणि नेहमीच्या दुपारच्या नव्हे, सकाळच्या गाडीतनं. एक माझा. दुसरा कोरा करकरीत स्टीलचा, अजून तेलाचा थेंबही न लागलेला, दुकानाचा कागद बुडाला चिकटलेला. आबांनी त्याच्यावरही रंगानं नाव घातलं होतं: पाटील. रंग पुरता वाळला नव्हता, माझ्या अंगठ्याला लागला.

तो आल्यावर दिला. नाचणीच्या भाकरी, कुळथाची उसळ, दही, गुळाचा मोठा खडा. आणि वहीच्या कागदावर, पाचवीतल्या माझ्या भावाच्या वाकड्या अक्षरात आईनं सांगितलेलं एकच वाक्य: दिवस हाय तवर खा.

दुपारचा एक वाजत होता. आम्ही तिथंच बसलो.