वायकोमचे रस्ते आणि नारळाच्या दुधाचे चॉकलेट

बुद्धपौर्णिमेला आमच्या वस्तीतल्या विहारात खीरदान असते. सुजातेच्या खिरीची आठवण म्हणून मोठे पातेले चढते आणि लहानथोर वाट्या घेऊन ओळीने बसतात. आमच्या धाकट्या भावाचा सात वर्षांचा मुलगा मात्र या ओळीत रिकामी वाटी घेऊन बसतो. त्याला दूध चालत नाही. चमचाभर दूध पोटात गेले तरी ओठ सुजतात, अंगभर पुरळ उठते. एकदा तर मध्यरात्री रिक्षा करून दवाखाना गाठावा लागला होता. त्याच्यासाठी आम्ही केळे नेतो. तो ते खातोही, पण डोळे पातेल्यावर असतात.

या दुखण्यावरचा उपाय आम्हाला केरळात सापडेल असे कोणी सांगितले असते तर आम्ही हसलो असतो.

वायकोमच्या सत्याग्रहाला शंभर वर्षे झाली म्हणून ते गाव एकदा डोळ्यांनी पाहावे, ही आमची फार दिवसांची इच्छा होती. कामगारांच्या एका अधिवेशनात तिकडच्या एका स्नेह्यांची ओळख झाली होती. टपाल खात्यातून ते निवृत्त झालेले, तिकडे अस्पृश्य गणलेल्या पुलय समाजातले. "हॉटेलात उतरलात तर बोलणार नाही," असे त्यांनी फोनवर बजावले. २०२४ च्या डिसेंबरात आम्ही दोघे नवराबायको कुर्ला टर्मिनसवर नेत्रावती एक्सप्रेसमध्ये बसलो. भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी दुसऱ्या दिवशी दुपारी एर्नाकुलम येईपर्यंत पुरली. तिथून बसने वायकोम. गाव वेंबनाड तलावाच्या काठी आहे. धक्क्यावरून पलीकडे जाणाऱ्या बोटींत 'आदित्य' नावाची एक बोट सूर्याच्या उन्हावर चालते. २०१७ पासून ती चालू आहे. तिच्यात बसून पलीकडे जाऊन परत आलो. आवाज नाही, धूर नाही.

पण आम्ही गेलो होतो रस्ते पाहायला. महादेवाच्या देवळाच्या चारी बाजूंनी जाणारे ते साधे रस्ते. आज तिथून शाळेची मुले सायकली हाकतात, मासे विकणाऱ्या बाया जातात. शंभर वर्षांपूर्वी या रस्त्यांवरून कुत्रे-मांजर जाऊ शकत होते, पुलय आणि इळव माणूस जाऊ शकत नव्हता. ३० मार्च १९२४ रोजी तिघे जण हातात हात घालून मनाईच्या फलकापुढे चालत गेले. कुंजप्पी हे पुलय, बाहुलेयन हे इळव आणि गोविंद पणिक्कर हे नायर. तिघांनाही अटक झाली. पुढे पेरियार रामस्वामी तमिळ मुलखातून आले, दोनदा तुरुंगात गेले, आणि त्यांच्या पत्नी नागम्माई यांनीही बायकांना घेऊन सत्याग्रह केला. त्या पावसाळ्यात महापूर आला तरी सत्याग्रही पाण्यात उभे राहिले. त्याच १९२४ साली जुलैत बाबासाहेबांनी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, आणि तीन वर्षांनी आपण महाडला चवदार तळ्यावर गेलो. तिकडे रस्ता, इकडे पाणी.

नोव्हेंबर १९२५ मध्ये तडजोड झाली. तीन बाजूंचे रस्ते खुले झाले, पूर्वेचा मात्र राखून ठेवला गेला! १९३६ च्या मंदिरप्रवेशाच्या जाहीरनाम्यापर्यंत हेच चालले. देवळात जाण्याचे आम्हाला कारण नव्हते, पण पूर्वेच्या रस्त्यावरून आम्ही दोनदा गेलो आणि दोनदा आलो. स्नेही हसत होते.

त्यांनी आम्हाला आणखी एक वास्तू दाखवली. इंडनतुरुत्ती मना हा तिथल्या बड्या नंबुद्रीचा वाडा. १९२५ मध्ये गांधीजी बोलणी करायला आले तेव्हा ते ब्राह्मण नाहीत म्हणून त्यांना आत घेतले नाही, बाहेर बसवून चर्चा झाली. आज त्या वाड्यात माडी काढणाऱ्या कामगारांच्या युनियनचे कार्यालय आहे. माडी म्हटले की पंचशील घेतलेल्या आम्हा माणसांच्या भुवया वर जातात. पण त्या दिवशी युनियनची पाटी पाहून आमची छाती भरून आली, हे लपवत नाही. पेरियारांचे स्मारक त्याच महिन्यात, १२ डिसेंबरला, नूतनीकरण होऊन खुले झाले होते. तिथे फुले वाहिली आणि घरी परतलो.

घर म्हणजे चार खोल्या आणि भोवती नारळ, जायफळ, मिरीचे वेल. त्यांच्या सावलीत एक बुटके झाड होते आणि फणसासारखी त्याच्या खोडालाच पिवळी, खरबरीत फळे लटकली होती. हेच कोकोचे झाड. यजमानीणबाईंना आम्ही तिकडच्या रीतीप्रमाणे 'चेची' म्हणत होतो, म्हणजे ताई. चेचींनी एक फळ कोयत्याने फोडले. आत तीस-चाळीस बिया, सीताफळासारख्या पांढऱ्या गरात गुंडाळलेल्या. गर चोखला तर आंबटगोड, बी चावली तर कडूजहर! चॉकलेटचा वासही नाही. या बिया गरासकट पाच-सहा दिवस झाकून आंबवतात, मग उन्हात वाळवतात, भाजतात, तेव्हा कुठे चॉकलेटचा वास सुटतो. आणि आम्ही आजवर समजत होतो की चॉकलेट म्हणजे दुधाचाच पदार्थ! दूध त्यात पडले ते १८७५ च्या सुमारास, स्वित्झर्लंडमध्ये. मूळ वस्तूत दुधाचा थेंब नाही.

नाताळ दोन दिवसांवर होता. चेची शेजाऱ्यापाजाऱ्यांना द्यायला ट्रफल करत होत्या. ट्रफल हे युरोपात जमिनीखाली वाढणाऱ्या एका अळंबीचे नाव. ही गोळी तशीच ओबडधोबड आणि माती लागल्यासारखी दिसते, म्हणून तेच नाव पडले. साय घालायची ती जागा चेचींनी नारळाच्या पहिल्या घट्ट दुधाला दिली होती. 'सायीपेक्षा नारळ स्वस्त,' एवढेच कारण. आमच्या मंडळींनी पदर खोचला आणि शेजारी बसून सगळे पाहून घेतले. डार्क चॉकलेट बारीक चिरायचे. नारळाचे दूध कडेने बुडबुडे येईपर्यंतच तापवायचे, त्यावर ओतायचे आणि दोन मिनिटे हात लावायचा नाही. मग मधोमध हळूहळू ढवळले की तुकतुकीत होते. भांड्याला पाणी लागलेले नको, वितळते चॉकलेट थेंबभर पाण्याने रवाळ होऊन बसते. चिमूटभर मीठ. गार झाले की चमच्याने घेऊन वळायचे आणि कोकोच्या पुडीत घोळवायचे. चेचींनी घरच्या भाजलेल्या बियांची जाडसर पूड घेतली होती.

"हे कोणाकोणाकडे जाते?" आम्ही विचारले. स्नेह्यांनी बोटे मोजली. दोन ख्रिस्ती घरे, एक मुसलमान, तीन नायर. "खातात?" आमच्या तोंडून निघून गेले. त्यांनी आमच्याकडे थोडा वेळ पाहिले. "समोर खातात," ते म्हणाले.

हा प्रश्न आमच्या तोंडी का आला ते सांगतो. आमच्या कार्यालयात शेजारच्या टेबलावर एक सहकारी आहेत. एकवीस वर्षांची सोबत, बोलायला गोड. आम्ही मुलाच्या पासाचे पेढे वाटले की त्यांना उपवास असतो, नाहीतर दात दुखतो. पेढा कागदात बांधून ड्रॉवरमध्ये जातो आणि पाच वाजता शिपायाच्या हातावर पडतो. आम्ही पाहतो, आणि आम्ही पाहतो हे त्यांनाही ठाऊक आहे.

येताना गोळ्या आणता आल्या नाहीत. चॉकलेट अंगाच्या उबेने वितळते, गाडीत काय टिकणार! चेचींनी पुडीची बाटली दिली.

१२ मे २०२५ ची बुद्धपौर्णिमा आली तेव्हा आम्ही कामाला लागलो. भगिनींनी एक ध्यानात ठेवावे, पाकिटावरच्या हिरव्या टिपक्यावर विसंबू नये. दुधाच्या पदार्थालाही तो टिपका असतो. २०२२ च्या नियमांनुसार प्राणिजन्य काहीही नसलेल्या पदार्थांसाठी वेगळी हिरव्या 'व्ही'ची खूण आहे. तरी दूध बाधणारे मूल घरात असेल तर बारीक अक्षरे वाचावीतच, कारण 'दुधाचा अंश असू शकतो' असे डार्क चॉकलेटवरही छापलेले सापडते. आम्ही तिसऱ्या दुकानात हवे ते मिळवले.

पहिला घाणा फसला. दोनास एक हे चेचींचे प्रमाण आमच्या पत्र्याच्या घरातल्या मे महिन्याला मानवले नाही, गोळ्यांची चटणी झाली. ती पोरांनी बोटांनी चाटून संपवली. दुसऱ्यांदा पाव किलो चॉकलेटला जेमतेम सहा मोठे चमचे दूध घेतले, शेजारणीच्या फ्रिजमध्ये थाळी ठेवली आणि दिवस उगवण्याआधी उठून गोळ्या वळल्या. तीसच्या आसपास झाल्या. जुन्या लग्नपत्रिकांच्या कागदाचे डबे केले. विहारात खिरीच्या ओळीत पुतण्याने वाटी पुढे केली तेव्हा तीत तीन गोळ्या पडल्या. शेजारची पोरे खीर सोडून त्याच्या वाटीत पाहू लागली. त्याने एक गोळी अर्धी करून वाटली, बाकीच्या खिशात घातल्या. चड्डीचे काय झाले ते त्याच्या आईला विचारा.

दुसऱ्या दिवशी उरलेला डबा कार्यालयात नेला. टेबलांवरून फिरवला. सहकाऱ्यांनी "वा, घरी केलेत?" म्हणून एक उचलली, कागदात गुंडाळली आणि नेहमीप्रमाणे ड्रॉवर ओढला. आम्ही काही बोललो नाही. पंखा गरम हवा फेकत होता.

साडेतीनला त्यांनी ड्रॉवरमधून रजिस्टर काढले तर पुठ्ठ्यावर, बाहीवर, बोटांवर तपकिरी राड. बराच वेळ ते हात तसाच धरून बसले. शिपाई चहाला गेला होता. शेवटी त्यांनी आमच्याकडे पाहिले आणि फडके आहे का विचारले.

आम्ही खिशातला रुमाल माठाच्या पाण्यात भिजवून त्यांना दिला.