प्रार्थनेच्या शेजारी झाडू

ख्रिस्ती शाळा-महाविद्यालयांचा विषय निघाला की शिस्त, इंग्रजी आणि निकाल यांचेच गोडवे गायले जातात. या शिक्षणामागची श्रद्धा मात्र बाजूलाच राहते. कॅथलिक परंपरेत ज्ञानाची जपणूक शतकानुशतके मठांनी केली. संत बेनेडिक्टच्या मठांत प्रार्थना, वाचन आणि अंगमेहनत या तिन्हींनी मिळून एक दिवस पुरा होई. डोके, हात आणि अंतःकरण यांची फारकत होऊ नये, हा त्यामागचा आग्रह. त्याचा अर्थ मला वर्ध्यात उमगला.

ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि हाताच्या कामातून शिकवणाऱ्या नई तालीमचा पाया घातला गेला. ती राबवणाऱ्या हिंदुस्तानी तालीमी संघाचा भार पुढे ज्यांनी वाहिला ते आर्यनायकम् श्रीलंकेतल्या जाफन्याचे ख्रिस्ती. पत्नी आशादेवी त्यांच्या बरोबरीने राबल्या. मार्जरी साइक्स या इंग्रज क्वेकर बाईही वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात, गांधीजींच्या आश्रमात, शिकवायला आल्या. वर्ध्याच्याच मगनवाडीत अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा ग्रामोद्योगांत गढलेले होते. तुरुंगात असताना त्यांनी येशूच्या शिकवणीवर पुस्तक लिहिले आणि टिकाऊ अर्थव्यवस्थेवरही. घाण्याचे तेल आणि येशूचे डोंगरावरचे प्रवचन हे त्यांच्या लेखी वेगळे विषय नव्हते. माझ्या भाकरीपायी कोणाच्या पोटावर पाय येतो, हा प्रश्न दोन्हीकडे तोच होता.

यांपैकी कोणालाही स्वतःची श्रद्धा सोडावी लागली नाही. सेवाग्रामच्या प्रार्थनाभूमीवर आजही जपानी बौद्ध मंत्र, ईशावास्य, कुराणातली प्रार्थना आणि पारशी गाथा एकाच बैठकीत म्हटल्या जातात. शेजारच्याची प्रार्थना रोज कानावर पडली की तिचे परकेपण गळून पडते. मनात कोणी शत्रू उभा करू पाहिला, तर त्या ओळखीच्या सुरापुढे त्याचे फारसे चालत नाही.

पण नुसत्या प्रार्थनेने भागत नाही. नई तालीमच्या शाळेत मुले टकळीवर सूत काततात, तारा मोजता मोजता हिशेब शिकतात, पाळीपाळीने स्वयंपाक करतात आणि संडासही साफ करतात. जातीने ज्यांच्या वाट्याला घाण टाकली, त्यांचे काम सगळ्यांनी वाटून घेणे हा समतेचा धडा पुस्तकातून मिळत नाही. कोणाला तरी हलके लेखण्यातूनच हिंसा सुरू होते. झाडू हाती घेतलेल्या मुलाला तसे लेखणे जड जाते.

म्हणून मला मनापासून वाटते की, संस्था कॅथलिक असो वा कोणतीही, तिच्या वेळापत्रकात रोज थोडी सामुदायिक शांतता आणि थोडी सामुदायिक सफाई असावी. या दोन्हींना गुण देऊ नयेत. प्राचार्यांनीही पाळी चुकवू नये. पदवी पोट भरायला उपयोगी पडेल. पण शिकलेल्या माणसाचा शेजार सुरक्षित वाटावा, यासाठीच शाळा काढायच्या असतात.