निचरा

वाळकं गवत बरणीत भिजत घातलं की आठवडाभरात पाण्यावर पातळ साय धरते. कॉलेजात असताना त्या सायीखालचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि पॅरामेशियम हा एकपेशीय जीव पहिल्यांदा पाहिला. चपलेच्या तळव्यासारखा, सारखा धावणारा. कापसाचे धागे टाकून अडवला, तेव्हा अंगात चांदणीसारखं काही फुललं, गोल झालं, मिटलं. पुन्हा फुललं. घड्याळ लावून मोजलं : 10-15 सेकंदांत एकदा.

ती आकुंचनशील रिक्तिका. पेशीत क्षार जास्त, भोवतालचं पाणी गोडं. म्हणून पाणी पातळ पडद्यातून आत झिरपतच राहतं. उपसलं नाही तर जीव फुगून फुटेल. साधारण अर्ध्या-पाऊण तासात तो स्वतःच्या आकारमानाएवढं पाणी बाहेर टाकतो. मी थेंबात किंचित मिठाचं पाणी मिसळलं, तसं ते फुलणं-मिटणं मंदावलं. आत येणारं पाणीच कमी झालं होतं. समुद्रातल्या अनेक एकपेशीयांना तर ही रिक्तिका लागतच नाही.

पुढे नोकरी साताऱ्यात लागली. सप्टेंबरात लोक कासच्या पठारावर फुलं बघायला जातात. मी जांभ्यातल्या खळग्यांपाशी वाकतो. पावसाळ्यात तिथं पाणी, उन्हाळ्यात तापलेला दगड. अशा आटत्या पाण्यात कोलपोडासारखे एकपेशीय जीव वेगळंच करतात : अंगातलं पाणी सोडतात, आकसतात, भोवती कवच करतात आणि चिमूटभर गाळात अनेक वर्षंसुद्धा कोरडे राहू शकतात. उपसण्याइतकंच मला या थांबण्याचं अप्रूप वाटतं.

आमचं रान मात्र वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठी. उसाला वर्षानुवर्षं पाटाचं पाणी दिलं. काळ्या मातीनं ते धरून ठेवलं; खालचं पाणी वर चढलं, उन्हानं उडालं, क्षार मागे राहिले. उन्हाळ्यात सरीवर पांढरं मीठ फुटायचं. मातीतलं पाणी इतकं खारं झालं की मुळांना ते ओढता येईना. पायाखाली ओल आणि उसाचे शेंडे करपलेले. माझ्या वहीतली पॅरामेशियमची आकृती बघून आमचे आण्णा म्हणाले होते, "एवढुसा जीव पाणी भाईर काढतोय. आपल्या रानाला वाटच न्हाई रं."

शेवटी कर्ज काढून जमिनीखाली छिद्रांचे पाईप पुरले, थेट ओढ्यापर्यंत. पहिल्या मोठ्या पावसानंतर पाईपच्या तोंडाशी धार लागली. आण्णांनी बोट बुडवून जिभेला लावलं. "खारट हाय," म्हणाले, आणि अंधार पडेपर्यंत तिथंच बांधावर बसून राहिले.