त्रेसष्ट लिहिताना

मराठी माध्यमातल्या दुसरीच्या मुलाला टॅबलेटवर ‘त्रेसष्ट’ ऐकवून आकडे दाबायला सांगितले, तर त्याचे बोट आधी तिनाकडे वळण्याची शक्यता मोठी. शब्दात तीन आधी येतात, साठ मागून. पाटीवर हे खपून जाते: मूल एककाच्या घरात ३ लिहिते, मग डावीकडे ६ मांडते आणि उत्तर बरोबर येते. पडद्यावरच्या आकड्यांना मात्र घर ठाऊक नसते, फक्त क्रम ठाऊक असतो. तिथे ३६ उमटतात आणि लाल फुली पडते. मुलाला दशक-एकक कळले होते की नव्हते, याचा त्या फुलीवरून काही पत्ता लागत नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘साठ तीन’ अशा धर्तीचे संख्यावाचन आले, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला त्या वादात बाजू घेण्याचीही गरज नाही. दशकाचा एक आणि एककाचा एक असे दोन चौकोन द्यावेत, आणि मुलाला हवा तो आधी भरू द्यावा.

शैक्षणिक सॉफ्टवेअरमध्ये मुलाचा अनुभव आधी, असे मी म्हणतो ते या अर्थाने. त्याला सतत खूश ठेवा, असे मला म्हणायचे नाही. मुलाला अडायचेच असेल तर ते गणितात अडावे, बटणात अडू नये. कोरी इंकपेन यांच्या २००१ मधल्या अभ्यासात मुलांना पडद्यावरची वस्तू माऊसने ओढत नेण्यापेक्षा आधी वस्तूवर, मग जागेवर क्लिक करणे लवकर जमले आणि चुकाही कमी झाल्या. तरीही ‘चित्र ओढून टोपलीत टाका’ हा प्रकार आपल्याकडच्या ॲपमध्ये सर्रास दिसतो, कारण तो बनवणाऱ्या मोठ्या माणसांना गमतीचा वाटतो. सजावटीचेही तसेच. शॅनन हार्प आणि रिचर्ड मेयर यांनी १९९८ मध्ये दाखवले, की वीज कशी पडते हे समजावणाऱ्या धड्यात रंजक पण विषयाबाहेरची माहिती घातली की वाचकांना मूळ कारण कमी समजते. ते वाचक महाविद्यालयीन होते. सहा वर्षांच्या मुलासमोर प्रत्येक उत्तराला नाचणारे माकड ठेवले, तर त्याचे लक्ष बेरजेकडे राहील अशी अपेक्षा मी तरी करणार नाही.

यावर शिक्षकांचा आक्षेप असा, की सगळे सोपे केले तर शिकणे होणार कसे? आक्षेप रास्त आहे. आठवायला थोडे कष्ट पडले की आठवण टिकते, हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्योर्क यांनी नीट मांडले आहे. पण ते कष्ट मुलाच्या आवाक्यातले हवेत. दिल्लीत ‘माइंडस्पार्क’ या संगणकावरून शिकवणाऱ्या कार्यक्रमावर झालेला, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास इथे मोलाचा वाटतो. कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि अलेजान्द्रो गानिमियन यांनी सोडत काढून माध्यमिक शाळेतल्या मुलांचे दोन गट केले. एका गटाला माइंडस्पार्कच्या केंद्रात प्रवेश मिळाला, दुसऱ्याला नाही. केंद्रावर संगणक मुलाची इयत्ता न पाहता त्याची खरी पातळी शोधून तिथून सुरुवात करायचा. साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी दोन्हींत केंद्रावरच्या मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. केंद्रावर छोट्या गटात शिकवणारी माणसेही होती, म्हणून सगळे श्रेय मी यंत्राला देणार नाही. तरी इयत्तेच्या मागे पडलेल्या मुलाला इयत्तेचाच धडा पुन्हा दाखवणे म्हणजे कष्ट देणे नव्हे, त्याला वर्गाबाहेर बसवणे आहे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा: पैसे पालक आणि शाळा देतात, मूल नव्हे. खरे आहे, म्हणूनच गुणांचे आलेख, पदके आणि तारे भरपूर असतात. पण नुसत्या ताऱ्यांसाठी चाललेले मूल वाट शोधून काढते. सूचनेचे बटण दाबत राहून शेवटचे उत्तर मिळवण्याची युक्ती संशोधक रायन बेकर यांनी दोन दशकांपूर्वीच नोंदवली आहे. अशा मुलाचा आलेख पालकांना छान दिसतो, आणि तो खोटा असतो.

म्हणून ॲपच्या चाचणीच्या वेळी ‘आवडले का?’ हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. समोरच्या मोठ्या माणसाला मुले ‘हो’च म्हणतात. बोट कुठे जाते, कुठे थबकते, ते पाहावे. आणि दोन चौकोन दिल्यावरही जे मूल दशकाच्या घरात ३ ठेवते, त्याच्याशेजारी बाईंनी आज बसायला हवे, हे त्यांना त्या चौकोनांमुळेच कळेल.