दहा वर्षांतले माझे सहा सिनेमे, आणि ते पाहायला आपण कुठं जायचं?

राजेहो, 2010 ते 2019 या दहा वर्षांतले तुझे आवडते मराठी सिनेमे कोणते, असं मागच्या आठवड्यात एका मित्रानं विचारलं. यादी डोक्यात तयारच होती. लिहायला बसलो तं एक गोष्ट लक्षात आली. यातला एकही सिनेमा मी माझ्या मानोरा तालुक्यात पडद्यावर पाह्यलेला नाही. एक तं बाहेरगावी जाऊन, नाही तं मोबाइलवर. म्हणून ही पोस्ट सिनेमाची आहे आणि आपल्या जिल्ह्याचीही आहे. जरा लांबली आहे, सांभाळून घ्या.

आधीच सांगतो, 'नटरंग', 'किल्ला', 'एलिझाबेथ एकादशी' यादीत नाहीत म्हणून शिव्या पडणार आहेत. पडू द्या. आणि 'गाभ्रीचा पाऊस' 2009 चा आहे, म्हणून नियमानं बाहेर राहतो. नाही तं विदर्भातल्या शेतकऱ्याच्या घरातली भीती इतकी खरी दाखवणारा तो सिनेमा मी पहिल्या नंबरवर ठेवला असता.

1. देऊळ (2011)
उमेश कुलकर्णींचा सिनेमा, गिरीश कुलकर्णींचं लेखन. केशाला गाय राखता राखता दत्त दिसतो आणि गावाचं नशीब फिरतं. सिनेमातल्या गावाचं नाव मंगरूळ. आपलं मंगरूळपीर नव्हे, पण पाहताना तसंच वाटते. गावात अण्णा दवाखान्याचा आराखडा घेऊन बसलेले असतात आणि पैसा देवळाकडे जातो. आपला जिल्हा तं नृसिंह सरस्वतींच्या कारंजाचा आणि बंजारा समाजाच्या पोहरादेवीचा. श्रद्धा आपल्याला नवी नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये 5 तारखेला पोहरादेवीत बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं आणि 9 तारखेला वाशिमच्या सरकारी मेडिकल कॉलेजचं. चार दिवसांत दोन्ही. मला दोन्ही पाहिजेत. पण पुढची दहा वर्षं यातल्या कोणत्या जागेकडे पुढाऱ्यांच्या गाड्या जास्त वळतात ते मोजत राहा, एवढंच 'देऊळ'नं मला शिकवलं.

2. फँड्री (2014)
नागराज मंजुळेंचा पहिला मोठा सिनेमा. डुक्कर हातात येणार इतक्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होते, जब्याचं अख्खं घर जागच्या जागी उभं राहते आणि डुक्कर पळून जाते. आमच्या मागच्या रांगेतली पोरं आधी हसली, मंग गप झाली. पुढं तेच डुक्कर बांधून नेताना मागच्या भिंतीवर बाबासाहेब दिसतात, सावित्रीबाई दिसतात, गाडगेबाबा दिसतात. गाडगेबाबा तं आपल्या वऱ्हाडातले, शेंडगावचे. त्यांचं चित्र आपल्याकडं कोणत्या शाळेच्या भिंतीवर नाही? भिंत रंगवणं सोपं आहे, भिंतीसमोरून कोण काय उचलून नेते ते पाहणं अवघड. शेवटचा दगड पडद्यातून बाहेर आपल्याकडं येतो, तो मला अजून लागलेला आहे.

3. कोर्ट (2015)
चैतन्य ताम्हाणेचा. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार याला मिळाला. गटारात उतरणारा एक कामगार मरतो आणि तुमच्या गाण्यामुळं त्यानं आत्महत्या केली म्हणून म्हाताऱ्या लोकशाहिरावर खटला चालतो. तो शाहीर केला आपल्या नागपूरच्या वीरा साथीदार यांनी. ते धंद्यानं नट नव्हते, चळवळीतले कार्यकर्ते होते. एप्रिल 2021 मध्ये कोरोनानं गेले. या सिनेमात कोणी ओरडत नाही, टेबल आपटत नाही. फक्त तारीख पडते. ज्याच्या घरात धुऱ्याचा वाद वीस वर्षं चालला आहे, त्याला हा सिनेमा समजावून सांगायची गरज नाही.

एक गंमत पाहा. हा सिनेमा लागला त्याच एप्रिल 2015 मध्ये सरकारनं मल्टिप्लेक्सवाल्यांना प्राइम टाइमला मराठी सिनेमा दाखवायला सांगितलं. मुंबईत त्यावरून केवढा वाद झाला! आमच्या तालुक्यात कोणी चकार शब्द काढला नाही. काहून? तं मल्टिप्लेक्सच नाही, प्राइम टाइम कुठून आणणार!

4. ख्वाडा (2015)
भाऊराव कऱ्हाडे यांनी जमीन विकून हा सिनेमा काढला. मेंढरं घेऊन फिरणाऱ्या धनगर कुटुंबाची गोष्ट. पोराला लग्न करून एका जागी राहायचं आहे, बापाला गेलेली जमीन सोडवत नाही आणि ज्या गावात वाडा टाकला तिथला दांडगा माणूस जगू देत नाही. दिवाळीनंतर आपल्या शिवारातही मेंढरांचे वाडे उतरतात. त्यांच्याकडून वावरात मेंढरं बसवून घेताना आपण किती वेळा नाव विचारतो? सिनेमा पाहिल्यापासून मी विचारतो.

5. सैराट (2016)
त्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं, आपल्याकडंही विहिरींनी तळ गाठला होता, आणि महिन्याच्या शेवटी 'सैराट' आला. मराठीत तोवर कोणत्याच सिनेमानं एवढी कमाई केली नव्हती. आपल्याकडं मोबाइलच्या दुकानात चिपमध्ये भरून तो गावोगाव पोचला. आजही 'झिंगाट' वाजल्याशिवाय वरात पुढं सरकत नाही. पण शेवटची ती शांतता आणि लेकराची रक्ताळलेली पावलं, त्यावर वरातीत कोणी बोलत नाही. आंतरजातीय लग्न केलं तं सरकार 50 हजार रुपये देते. लग्नानंतर गावात राहू देण्याची हमी कोणती योजना देते?

6. नाळ (2018)
'सैराट'चा कॅमेरा सांभाळणाऱ्या सुधाकर रेड्डी यक्कंटी यांनी दिग्दर्शित केलेला. आपली खरी आई दुसरी आहे, असं आठेक वर्षांच्या चैत्याला कळते, त्याची ही गोष्ट. चैत्या झालेला श्रीनिवास पोकळे अमरावतीचा, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हा सिनेमा मी आईसोबत पाह्यला. दहा मिनिटांत ती म्हणाली, "हे तं आपल्यावानीच बोलून राह्यले बाप्पा!" पासष्ट वर्षांच्या बाईला स्वतःची बोली सिनेमात सापडली. तोवर आपल्यासारखं बोलणारा माणूस पडद्यावर दिसला की तो हसवायला आला असंच ती समजायची.

आता मुद्द्याचं. या सहाही सिनेमांत गाव आहे, जात आहे, जमीन आहे, तारीख आहे, माय आहे. म्हणजे आपणच आहोत. पण ज्यांच्यावर सिनेमे निघाले त्यांच्या गावात ते लागत नाहीत. जत्रेतले टुरिंग टॉकीजचे तंबू कमी झाले, तालुक्याच्या टॉकिजा बंद पडल्या आणि सिनेमा हातातल्या फोनमध्ये शिरला. फोनवर सिनेमा दिसते, पण एकट्याला. 'फँड्री' पाहून शेजारचा माणूस गप झालेला दिसणं, हे फोनवर होत नाही. आणि ज्या गोष्टी चार लोकांनी एकत्र बसून पाहायच्या असतात, त्या एकट्यानं पाह्यल्या की चावडीवर बोलल्या जात नाहीत.

मागणी मोठी नाही. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून गेला, त्या हिशेबानं हे चिल्लर काम आहे. नगरपंचायतीचं सभागृह किंवा जिल्हा परिषदेची एखादी शाळा, एक चांगला प्रोजेक्टर, एक पडदा, निर्मात्याची रीतसर परवानगी आणि महिन्याला एक मराठी सिनेमा. नंतर अर्धा तास चर्चा, बायाबापड्यांना पुढच्या खुर्च्या. जिल्हा नियोजनाच्या निधीतून हे होऊ शकते. निवडणुकीच्या सभेला मोठी स्क्रीन लागतेच की गावात!

अन् एक सातवी जागा मी रिकामी ठेवली आहे. तांड्यावरून ऊसतोडीला, बांधकामावर जाणाऱ्या आपल्या माणसांवरचा, गोरमाटीत बोलणारा सिनेमा माझ्या पाहण्यात अजून आलेला नाही. मानोऱ्याच्या एखाद्या पोरानं तो काढावा. पाहायला जागा आपण करून ठेवू.

तुमचे सहा कोणते? आणि ते कुठं बसून पाह्यले, तेही लिहा.