आतला रंग

लग्नकार्यात कुणी विचारले, "तुम्ही काय करता?" की आम्ही दोघे भाऊ एकमेकांकडे पाहतो. "पंखे बनवतो" म्हटले तर समोरच्याला छताचा पंखा दिसतो. मग सांगावे लागते की आमचे पंखे छताला टांगत नाहीत. ते जमिनीवर काँक्रीटच्या चौथऱ्यावर बसतात. गोगलगाईच्या शंखासारखे वळलेले, कधी कधी माणसापेक्षा उंच. फाउंड्रीतली धूळ, भट्टीचा धूर, अ‍ॅसिडची वाफ ओढून बाहेर टाकणे हे त्यांचे काम. कोल्हापूरकरांना हे लवकर कळते. इथे फाउंड्रीशी किंवा साखर कारखान्याशी काहीच नाते नाही असे घर शोधावे लागते.

१९८८ साली अब्बांनी शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत भाड्याच्या शेडमध्ये हे काम सुरू केले. अब्बा वेल्डर. रंगकाम चाचांकडे. चाचा आधी ट्रक रंगवायचे. त्यांचा हात असा की पंखा कोणत्या दिशेने फिरतो हे दाखवणारा पिवळा बाणसुद्धा ते ब्रशच्या एका फटकाऱ्यात काढीत आणि बाणाच्या शेपटीला दोन पाकळ्या जोडीत. अब्बा चिडून म्हणत, "पंखा है, दुल्हन की मेहंदी नहीं." चाचा हसत आणि पुढच्या पंख्यावर पुन्हा पाकळ्या काढीत.

त्या काळी रंग निवडणे म्हणजे आमच्या लेखी शेडकार्ड उघडणे. खाली रेड ऑक्साइड, वर एनॅमलचे दोन हात. स्मोक ग्रे की लाइट ग्रे, एवढाच प्रश्न. गळीत हंगामाआधी साखर कारखान्याची ऑर्डर निघाली की माल चकचकीत दिसला पाहिजे, कारण बिल पास करणारा साहेब बाहेरूनच बघणार. आम्हीही बाहेरूनच बघत होतो.

१९९६ साली एका कारखान्याची ऑर्डर आली. तिथे लोखंडाचा गंज हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडच्या हौदात बुडवून काढीत. हौदावरची वाफ ओढायला पंखा हवा होता. स्वस्तात हवा होता आणि निळाशार हवा होता, कारण पाहुणे कारखाना बघायला येणार होते. अब्बांच्या मनात शंका होती. पण बँकेचा हप्ता थकलेला, ईद तोंडावर. आम्ही होय म्हटले. नेहमीचेच रेड ऑक्साइड, नेहमीचेच एनॅमल, रंग तेवढा निळा.

चार महिन्यांनी फोन आला. पंख्याच्या पोटाला खालून भोक पडले होते. ओढ कमी होऊन वाफ हौदाकडे परत फिरली होती आणि तिथे काम करणाऱ्या एका पोराच्या डोळ्यांना इजा झाली होती. आम्ही धावत गेलो. बाहेरचा निळा रंग अजून चमकत होता. चाचांच्या पाकळ्याही जागेवर होत्या. अब्बांनी झडप उघडून हात आत घातला, तर गंजाचे पापुद्रे भाजलेल्या पापडासारखे हातात आले. ते म्हणाले, "ऊपर से क्या देखते रे, अंदर देखो."

पोराचे डोळे वाचले. कारखान्याने उरलेले पैसे दिले नाहीत. निळा रंग त्यांनीच मागितला होता हे तिथे कुणाला आठवेना. अब्बांनी भांडण केले नाही. "त्यांना माहीत नव्हतं, आपल्याला शंका होती. मग ही कमाई हलाल कशी म्हणायची?" एवढेच बोलले. आमच्या खर्चाने फायबर-प्लास्टिकचा दुसरा पंखा करून दिला. त्या ईदला घरात नवे कपडे आले नाहीत.

तेव्हापासून आमच्याकडे शेडकार्ड शेवटी उघडते. पहिला प्रश्न असतो: आतून कोणती हवा जाणार? फाउंड्रीची वाळूमिश्रित धूळ असेल तर आतला कोणताही रंग ती खरवडून काढते. तिथे जाड पत्रा आणि बदलता येणारी अस्तराची प्लेट हवी. गरम धूर असेल तर एनॅमल जळून जाते, तिथे उष्णता सोसणारा सिलिकॉन-अ‍ॅल्युमिनियमचा रंग हवा. अ‍ॅसिडची वाफ असेल तर जस्ताचा मुलामाही टिकत नाही, कारण अ‍ॅसिड जस्तालाही खाते. तिथे रबराचे अस्तर किंवा फायबर. फिरणाऱ्या पात्यांच्या चाकावर रंग जाड-पातळ बसला तर चाकाचा तोल जातो, पंखा थरथरतो आणि बेअरिंग बसते. म्हणून रंगवल्यावर चाक पुन्हा तोलून बघायचे.

दुसरा प्रश्न: बाहेर कोणते हवामान? घाटाखाली कोकणात पंखा जाणार असेल तर खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. तिथे आधी पोलादी ग्रिटचा मारा करून पत्रा पांढरट होईपर्यंत साफ करायचा, मग जस्तयुक्त प्रायमर, मग इपॉक्सी. इपॉक्सी रसायनांना दाद देत नाही, पण उन्हात तिची खडूसारखी भुकटी होते. म्हणून वर पॉलियुरेथेनचा हात. जस्ताच्या पत्र्याच्या डक्टवर थेट एनॅमल मारले तर जस्त आणि रंगातले तेल मिळून मधे साबणासारखा थर तयार होतो आणि रंग सालीसारखा निघतो. आधी एच प्रायमर लागतो. पावसाळ्यात तर घाई नकोच. पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंशांनी जास्त हवे, हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर नको. नाहीतर आपण गंजालाच आत कोंडून वरून रंगवतो. लहान पंख्यांना पावडर कोटिंग उत्तम. १८० ते २०० अंशांच्या भट्टीत दहा-वीस मिनिटांत पक्के होते आणि थिनरचा वासही नाही. पण मोठा पंखा भट्टीत मावत नाही.

एवढे शिकलो आणि वाटले, आता इल्म पुरा झाला. तिसरा प्रश्न आम्हाला सुचलाच नव्हता. तो चाचांच्या छातीने विचारला.

२००४ पासून आम्ही पॉलियुरेथेन मारू लागलो. गिऱ्हाईक खूश, आरशासारखी चमक. चाचा तोंडाला रुमाल बांधून गन चालवीत. वर्षभरात त्यांना रात्री धाप लागू लागली. सुट्टीच्या दिवशी बरे वाटे, कामावर आले की पुन्हा छाती भरे. आम्ही म्हणालो, वय झालं. डॉक्टरांनी मात्र रंगाचा डबा मागवून घेतला. हार्डनरच्या डब्यावर बारीक अक्षरांत आयसोसायनेट लिहिले होते. त्याच्या फवाऱ्याने दमा जडतो आणि एकदा जडला की पुढे अगदी थोडासा फवाराही पुरतो. त्रास होईल एवढा हवेत असला तरी त्याचा वास येईलच असे नाही. रुमालाचा तर काहीच उपयोग नाही. त्याला बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा लागतो. आम्ही इतकी वर्षे थिनरच्या वासाला शत्रू समजत होतो.

त्या रात्री शेडमध्ये आम्ही दोघे भाऊ गप्प बसलो होतो. आजूबाजूला दुसऱ्यांच्या कारखान्यांसाठी केलेले सात पंखे उभे होते. आमच्या रंगाच्या कोपऱ्यात एकही नव्हता. गिऱ्हाइकाला "आत बघा" म्हणणारे आम्ही, आमच्याच घरात आत बघितले नव्हते.

चाचांनी पुन्हा गन हातात घेतली नाही. आम्ही कर्ज काढून रंगासाठी बंद खोली केली. तिला ज्वालारोधक मोटरचा पंखा बसवला आणि मुखवटे आणले. आता मुलांच्या कटकटीला न जुमानता मुखवट्याशिवाय कुणाला आत सोडत नाही. शिशाचेही तसेच. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत ९० पीपीएमपेक्षा जास्त शिसे नको असा नियम २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. कारखानी रंग त्या नियमात आले नाहीत. म्हणून भडक पिवळा, नारिंगी, लाल घेताना आम्ही दुकानदाराकडून शिसे नसल्याचे लेखी घेतो. पैसे जास्त जातात. बरकत कमी झाली असे मात्र वाटले नाही.

अब्बा आता नाहीत. चाचा दाराशी वाऱ्यात खुर्ची टाकून बसतात. पंखा तयार झाला की पाण्यात कालवायच्या पिवळ्या रंगाची वाटी आणि ब्रश त्यांच्या हातात देतो. ते हळूहळू बाण काढतात आणि शेपटीला दोन पाकळ्या. गिऱ्हाईक कधी विचारते, "हे कशाला?" आम्ही सांगतो, ही आमची खूण. मग टॉर्च त्याच्या हातात देतो, झडप उघडतो आणि म्हणतो, बाहेरचं झालं बघून, आता आत बघा.